प्रस्तावना : यहुदी, ख्रिस्ती आणि ग्रीक विचारांचा एकत्र अभ्यास

1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन भाषांत एक सचित्र ‘हगादा’ छापला गेला. मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेची ही कथा बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या कुटुंबांत वल्हांडणाच्या रात्री वाचली जाई. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या दिसतात. प्राचीन यहुदी परंपरा मराठी घरात किती रुजली होती, हे त्यावरून कळते.

यहुदी धर्म, आरंभीचा ख्रिस्ती धर्म आणि ग्रीक तत्त्वज्ञान हे तीन वेगळे विषय आहेत, असे आपण धरून चालतो. त्या काळातल्या माणसांना ही विभागणी ठाऊक नव्हती. अलेक्झांड्रियाचा फिलो निष्ठावान यहुदी होता आणि मोशेच्या ग्रंथांचा अर्थ तो प्लेटोच्या आधाराने लावत होता. ख्रिस्ताचा प्रेषित पौलही यहुदीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास त्याने ग्रीकमध्ये लिहिलेली पत्रे हे नव्या करारातले सर्वांत जुने लेखन होय. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात तो अथेन्समध्ये स्टोइक आणि एपिक्युरिअन पंडितांशी वाद घालतो आणि ग्रीक कवीचेच वचन आधाराला घेतो.

1947 पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांनी, त्या काळी अशा सीमा ठाम नव्हत्या ही समज आणखी पक्की केली. त्यांतल्या काही प्रती तोवर हाती असलेल्या हिब्रू बायबलच्या संपूर्ण हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुन्या आहेत. एकाच यहुदी धर्मात किती पंथ, किती मतभेद नांदत होते, ते त्यांतून उघड झाले.

या ग्रंथांच्या मूळ भाषा शिकण्याचे कष्ट घेणाऱ्यांत आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केली आणि केडगावला राहून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 साली त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्या करतच होत्या.

नव्या वाचकाने पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रापासून सुरुवात करावी. अध्याय सहाच आहेत. यहुदी नसलेल्या श्रद्धावंतांनी सुंता करावी का, हा त्यातला पेटलेला प्रश्न. ते वाचताना पौलाची बाजू समजून घ्यावी आणि ज्यांच्याशी तो भांडतो त्यांचीही. सोबत फिलो ठेवावा, स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस ठेवावा. श्रद्धा असलेल्याने आणि नसलेल्यानेही निःशंक मनाने यावे. दोघांनाही इथे सारखेच काम आहे.

बोदलकसा, जि. गोंदिया