उघड्या खिडकीचा हिशेब

आपल्याकडची थंडी शेकोटीवर आणि गोधडीवर भागते. पण अमेरिकेतल्या जुन्या घरांत खिडकीखाली बिडाचे एक पन्हाळीदार धूड दिसते. तो रेडिएटर. तळघरातल्या बॉयलरमधून त्यात वाफ किंवा गरम पाणी येते आणि खोली उबते. रशियात सेंट पीटर्सबर्गला फ्रान्झ सान गाल्ली यांनी १८५५ ते १८५७ च्या दरम्यान तो घडवला, असे मानतात.

पण केवढ्या खोलीला केवढा रेडिएटर? अमेरिकेत मिल्स यांचा नियम चाले : २, २०, २००. २ चौरस फूट काच, २० चौरस फूट बाहेरची भिंत, २०० घनफूट हवा, या प्रत्येकामागे १ चौरस फूट रेडिएटर. मी कवी माणूस, पण हे गणित मला ओवीसारखे पाठ झाले. समजा, कोपऱ्यातली खोली आहे. काच ३०, काच सोडून बाहेरची भिंत २४०, हवा १८००. म्हणजे १५, १२ आणि ९. एकूण ३६ चौरस फूट. हे वाफेचे झाले. वाफेच्या रेडिएटरचा चौरस फूट तासाला २४० बीटीयू उष्णता देतो, गरम पाण्याचा १५० च. म्हणून पाण्यासाठी तोच आकडा ५८ वर जातो.

मग आली १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि आपल्याकडची घरेच्या घरे ओस पडली. तिकडे ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा धोशा क्षयामुळे आधीपासून होताच, तो आणखी वाढला. वर्षातल्या सर्वांत गार दिवशी, खिडकी उघडी असताना खोली उबली पाहिजे, असे धरून बॉयलर आणि रेडिएटर बसवले गेले. भीतीने केलेला हा हिशेब मला मुळीच वेडेपणाचा वाटत नाही. हवा खेळती ठेवण्याचे महत्त्व आपण २०२० मध्ये पुन्हा शिकलोच की!

साथ ओसरली, खिडक्या मिटल्या, धुडे मात्र राहिली. खोल्या भट्टीसारख्या तापू लागल्या. त्यावर एक मजेदार तोड होती : रेडिएटरला ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी रंग द्यायचा. अशा रंगातून उष्णता कमी बाहेर पडते. तरीही न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत लोक ऐन हिवाळ्यात खिडक्या उघडतात, आणि जळालेले इंधन रस्त्यावर जाते.

आता हीट पंप आले आहेत. त्यांचे पाणी बहुधा ४५ ते ५५ अंशांचे, आणि पाणी जितके कोमट, तितका रेडिएटर मोठा लागतो. ज्या घरांत गरम पाण्याची ती जुनी धुडे शाबूत आहेत, त्यांना पुष्कळदा ती बदलावी लागत नाहीत.