ॲमेथिस्ट, आफ्रिकी

जांभळ्या रंगाचे पारदर्शक ते अर्धपारदर्शक क्वॉर्ट्झ. आपल्याकडच्या रत्नबाजारात याला जामुनिया किंवा कटेला म्हणतात. रासायनिक दृष्ट्या सिलिकॉन डाय-ऑक्साइड. कठिनता 7, विशिष्ट गुरुत्व 2.65. आफ्रिकेत झांबिया, नामिबिया, मादागास्कर, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, इजिप्त अशा अनेक देशांत हे खनिज आढळते. व्यापारी ‘आफ्रिकन’ म्हणतात तेव्हा मात्र बहुधा झांबियाचा गडद, निळसर झाक असलेला खडा त्यांच्या मनात असतो. भूविज्ञानाच्या दृष्टीने हे नाव फारच ढोबळ आहे, कारण खंडातल्या दोन प्रमुख ठिकाणांचे खडे अगदी वेगवेगळ्या परिस्थितीत तयार झाले आहेत.

रंग कसा येतो : शुद्ध क्वॉर्ट्झ रंगहीन असते. स्फटिक वाढत असताना सिलिकॉनच्या काही जागा लोहाचे अणू घेतात. पुढे आसपासच्या खडकांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या, मुख्यतः पोटॅशियमच्या समस्थानिकाच्या, गॅमा किरणांमुळे त्या लोहाची विद्युत्‌अवस्था बदलते आणि खडा जांभळा दिसू लागतो. लोह आणि किरणोत्सर्ग यांपैकी एकाचा अभाव असला तरी रंग येत नाही. सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसला तापवल्यास जांभळा रंग जाऊन पिवळा किंवा तपकिरी येतो. बाजारातले बरेचसे ‘सिट्रिन’ असेच भाजलेले ॲमेथिस्ट असते. काही खडे दीर्घकाळ उन्हात राहिल्यास फिके पडतात.

नामिबिया : सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन खंड फाटून दक्षिण अटलांटिक उघडू लागला, तेव्हा लाव्हाचे प्रचंड थर पसरले. त्यांचा मोठा भाग आज ब्राझील व उरुग्वे यांच्या बाजूला आहे आणि लहान भाग वायव्य नामिबियात, एतेंडेका या नावाने ओळखला जातो. थंड होणाऱ्या बेसाल्टमध्ये राहिलेल्या वायुपोकळ्यांत नंतर सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. दख्खनच्या काळ्या फत्तरातही हेच घडले, पण बऱ्याच उशिरा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात. महाराष्ट्राच्या खाणींतून झिओलाइटांबरोबर अधूनमधून जांभळे क्वॉर्ट्झ निघते ते त्यामुळे. उरुग्वेच्या आर्तिगासचे खडे आणि नामिबियाचे खडे एकाच लाव्हाप्रांताचे आहेत, समुद्राने वेगळे केलेले.

संग्राहकांना प्रिय असलेले ‘ब्रँडबर्ग ॲमेथिस्ट’ त्या नावाच्या ग्रॅनाइटी डोंगरातून येत नाही. ते येते त्याच्या पश्चिमेकडच्या गोबोबोसेब टेकड्यांच्या बेसाल्टमधून. एकाच स्फटिकात जांभळा, धुरकट आणि रंगहीन असे पट्टे, आत आणखी एका स्फटिकाची छाया, कधी पाण्यात हलणारा बुडबुडा, अशी त्याची वैशिष्ट्ये आहेत. स्थानिक लोक हातोडी-छिन्नीने ते काढतात आणि रस्त्याकडेला विकतात. पैलू पाडायला यातले थोडेच योग्य. खरी किंमत अखंड नमुन्याला.

झांबिया : देशाच्या दक्षिण प्रांतात, कालोमो जिल्ह्यातील मापातिझ्या परिसरात, खाणी आहेत. इथे वायुपोकळ्या नाहीत. प्राचीन नाइस खडकाच्या भेगांत आणि भ्रंशांत उष्ण, सिलिकायुक्त पाणी शिरून शिरा तयार झाल्या. त्यामुळे माल खडकातून फोडून काढावा लागतो व पैलूंस लायक भाग अल्प असतो; उरलेला मणी व घोटीव खड्यांसाठी जातो. लोहाचे प्रमाण चांगले असल्याने रंग खोल येतो, कधी आतून लालसर झळकही दिसते.

इजिप्त : खंडातील सर्वांत जुनी व नीट नोंदलेली परंपरा इथली. अस्वानच्या आग्नेयेला वाळवंटात वादी अल-हूदी येथे मध्य राज्याच्या काळात, इ.स.पू. सुमारे 2000 ते 1700 या दरम्यान, राजांच्या मोहिमा ॲमेथिस्टसाठी जात. तटबंदीयुक्त वस्त्या, उकरलेले चर आणि खडकांवर कोरलेले लेख तिथे आजही आहेत. अहमद फाखरी यांनी ते लेख 1952 मध्ये प्रसिद्ध केले. खाणकाम्यांची आराध्यदेवता हाथोर, आणि या लेखांत तिला ‘ॲमेथिस्टची स्वामिनी’ म्हटले आहे. त्यावरून खड्याचे स्थान कळते: तो केवळ शोभेचा नव्हता, देवतेच्या हद्दीतून तिच्या कृपेने आणलेला होता. लाहून येथे 1914 मध्ये सापडलेल्या राजकन्या सिथाथोरयुनेतच्या दागिन्यांत सोन्याच्या बिबट्यांच्या मुखांबरोबर ॲमेथिस्टचे मणी ओवलेले आहेत. पुनर्जन्माचे प्रतीक मानलेल्या भुंग्याचे, म्हणजे स्कॅरबचे, ताईतही या दगडात कोरले जात. दगड कठीण असल्याने त्यांचा तळ बरेचदा कोराच ठेवलेला असतो.

अर्थांची आयात : खडा मद्याची नशा चढू देत नाही, ही कल्पना ग्रीक. रोमन लेखक प्लिनीने ती मगांची, म्हणजे इराणी पुरोहितांची, खोटी बढाई म्हणून उडवून लावली होती, आणि त्याच प्रकरणात भारतीय ॲमेथिस्टला पहिला मान दिला होता. मद्यदेव बॅकस आणि दगड झालेली कुमारिका ही ‘प्राचीन दंतकथा’ म्हणून सर्रास सांगितली जाते. प्रत्यक्षात ती फ्रेंच कवी रेमी बेलो याने 1576 मध्ये रचली. बिशपच्या अंगठीतला ॲमेथिस्ट युरोपीय ख्रिस्ती परंपरेतला. ब्रँडबर्गच्या स्फटिकाला विक्रेते जे ‘प्राचीन आफ्रिकी उपचारशक्ती’चे गुण चिकटवतात, त्यांची भाषा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य स्फटिकोपचाराची आहे, तिला परंपरा म्हणणे जाहिरातीपुरते ठीक.

भारतात ज्योतिषी नीलमऐवजी शनीचे उपरत्न म्हणून हाच खडा सुचवतात. आफ्रिकेतून आलेला कच्चा माल मोठ्या प्रमाणात जयपूरला घासला जातो. खरेदीत खरी अडचण मूळ देशाची नसून कृत्रिम मालाची आहे. सोव्हिएत रशियात 1970 च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवलेले ॲमेथिस्ट बाजारात आले. ते नैसर्गिक खड्याशी रासायनिक दृष्ट्या एकरूप असते. नैसर्गिक खड्यांत आढळणारी ‘ब्राझील नियमा’ची जुळी रचना ध्रुवित प्रकाशात तपासतात, पण कधीकधी तेवढ्याने निर्णय होत नाही आणि अवरक्त वर्णपटाची मदत घ्यावी लागते.