कार्डावरची रिकामी ओळ

आर्णीचा पेशंट नागपूरहून यकृतातली कॅन्सरची गाठ काढून परततो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर कॅन्सरचे औषध बहुधा नसतेच. तीन महिन्यांनंतरची तारीख, सीटी स्कॅन आणि एएफपी ही रक्तचाचणी, एवढेच. घरचे विचारतात, ‘एवढं मोठं ऑपरेशन, अन् गोळी एकबी नाई?’

त्या रिकाम्या ओळीमागे मोठी वंशावळ आहे. जर्मन सर्जन लांगेनबुखने 1888 साली यकृताचा तुकडा ठरवून कापून काढला. पुढे कॅन्सरच्या गाठीही निघू लागल्या. पण पाच वर्षांत दहातल्या सात जणांना गाठ पुन्हा होते. तण उपटले तरी वावर तेच. कावीळ ‘बी’ने किंवा सिऱ्होसिसने खराब झालेल्या यकृतात नवे तण उगवते.

त्यावर एक उपाय निघाला चक्क खसखशीतून. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन मिसळलेले खसखशीचे तेल. 1901 साली फ्रान्समध्ये गर्बे या औषधशास्त्रज्ञाने बनवलेले. यकृताच्या गाठीत ते रेंगाळते, म्हणून हाँगकाँगच्या डॉक्टरांनी त्यात किरणोत्सारी आयोडीन भरले आणि ऑपरेशननंतर एकदाच यकृताच्या धमनीत सोडले. 1999 चा निकाल: तेल दिलेल्या 21 पैकी 6 जणांत गाठ उलटली, न दिलेल्या 22 पैकी 13 जणांत. आशा वाढली. 2013 मध्ये 103 रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा ठोस फरक उरला नाही.

मग सोराफेनिब ही कॅन्सरची गोळी. याच गोळीसाठी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून मार्च 2012 मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असलेले औषध बनवण्याची मुभा, नॅटको या कंपनीला मिळाला. महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपयांवरून 8,880 वर आला. पण या गोळीचा फायदा दिसला होता तो हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरमध्ये. मग गाठ काढलेल्या किंवा जाळलेल्या 1,114 रुग्णांवर ती आजमावली. 2015 चा हिशेब: गोळी घेणारे मध्यकानुसार 33.3 महिने गाठीविना राहिले, बिनऔषधाची गोळी घेणारे 33.7.

2023 मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही औषधांची जोडी 668 रुग्णांत नुसत्या देखरेखीपेक्षा सरस दिसली. 2024 मध्ये पुन्हा मोजले, तर ती आघाडी ओसरली होती.

टिकले काय? कावीळ ‘बी’ असेल तर विषाणूला दाबणारी रोजची गोळी; ती तणासाठी नाही, वावरासाठी. आणि एएफपी: 1963 साली मॉस्कोत संशोधक आबेलेव्हला उंदरांच्या यकृतगाठीत सापडलेले प्रथिन. गाठ लहान असतानाच कळली, तर पुन्हा काही करता येते.

म्हणून कार्डावरची तारीख महत्त्वाची. तूर काढणीला आली असली तरी ती चुकवायची नाही.