पाचशे त्रेपन्न डॉलर बासष्ट सेंट

पाचशे त्रेपन्न डॉलर आणि बासष्ट सेंट. जोशुआ स्लोकम नावाच्या कॅप्टनने आपली शिडाची होडी नव्याने बांधायला लागलेल्या सामानाचा खर्च आपल्या पुस्तकात असा सेंटापर्यंत लिहून ठेवला आहे. वर तेरा महिने स्वतःची मेहनत. तिचे पैसे त्याने धरलेले नाहीत.

हाच स्लोकम पुढे त्या होडीतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. प्रदक्षिणेबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, त्यामुळे मी लिहिणार नाही. मला त्या बासष्ट सेंटांनी धरून ठेवलंय. कारण होडी म्हटलं की आमच्या घरी आणि नातेवाइकांत पहिला प्रश्न हिशेबाचाच निघतो, आणि हा प्रश्न किती जुना आहे ते मला स्लोकममुळे कळलं.

१८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम बोस्टनमध्ये बेकार होता. वय अठ्ठेचाळीस. आयुष्य शिडाच्या जहाजांवर गेलेलं, आणि आता सगळीकडे वाफेची जहाजं. मोठमोठ्या जहाजांचे कप्तान गोदीत काम शोधत फिरत होते. तिथेही काम मिळवायला आधी संघटनेकडे पन्नास डॉलर भरा! त्या दिवसांत एबेन पिअर्स नावाचा देवमाशांच्या शिकारीवर जाणारा एक जुना कप्तान त्याला भेटला आणि म्हणाला, माझ्याकडे एक जहाज आहे, घेऊन जा, थोडी डागडुजी लागेल. स्लोकम फेअरहेवनला जाऊन बघतो तर काय, समुद्रापासून लांब एका शेतात टेकू देऊन उभी केलेली, ताडपत्रीने झाकलेली एक जुनाट होडी. 'स्प्रे' तिचं नाव. म्हणजे कुणीतरी आपल्याला जुनी फियाट फुकट द्यावी आणि ती गोठ्यात निघावी, तसं.

गावकऱ्यांना वाटलं हा ती मोडायला आलाय. त्याने सांगितलं, मोडणार नाही, पुन्हा बांधणार. त्यानंतर वर्षभर त्याला एकच प्रश्न ऐकावा लागला, यातून पैसे सुटतील का?

त्याने कुऱ्हाड घेतली, जवळच्या कुरणातला एक ओक तोडला आणि त्याचा तळाचा कणा केला. बरगड्यांची लाकडं वाफेवर मऊ करून वाकवली. जुन्या होडीचा एकेक भाग काढायचा आणि तिथे नवा बसवायचा. शेवटी जुनं काय उरलं? नाव. देवमासेवाले म्हातारे कप्तान येता जाता थांबून बघायचे आणि मान डोलवायचे, तेवढंच त्याचं प्रशस्तिपत्रक. तयार झालेली होडी छत्तीस फूट नऊ इंच लांब आणि चौदा फूट दोन इंच रुंद. बुटकी, जाडजूड, मिरवण्यासारखी अजिबात नाही.

आता गंमत पुढे. होडी झाली, तर तिने कमावलं पाहिजे, म्हणून स्लोकम एक हंगाम मासेमारीला गेला. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून समुद्रावर असलेला माणूस! आणि कबुली काय देतो, तर गळाला नीट आमिष लावायची अक्कल आपल्याकडे नाही. मासेमारीत पैसे सुटले नाहीत, म्हणून २४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून जगप्रदक्षिणेला निघाला. माझ्या मते हे त्याच्या प्रवासाचं सर्वांत खरं कारण आहे, बाकीची कारणं पुस्तक लिहिताना सुचली असावीत.

प्रवासातही हिशेब सुटला नाही. दर्यावर्दी माणसाचं अचूक घड्याळ त्याच्याकडे होतं, पण ते साफ करून घ्यायला पंधरा डॉलर पडणार होते. त्याने ते घरीच ठेवलं आणि यार्मथमध्ये एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर. तबकडी फुटलेली होती म्हणून दुकानदाराने एक डॉलरला दिलं. त्या घड्याळावर पृथ्वीप्रदक्षिणा! (पुण्यात शोभला असता.) मेलबर्न बंदरात त्याच्याकडून टनामागे सहा पेन्स कर घेतला गेला. त्याने तो वसूल कसा केला? होडी बघायला येणाऱ्यांना माणशी सहा पेन्स तिकीट लावलं. गर्दी ओसरली तेव्हा एक बारा फुटी शार्क पकडला आणि तो दाखवायचेही सहा पेन्स घेतले. फेअरहेवनला ज्याच्या गळाला मासा लागत नव्हता, त्याने मेलबर्नला मासेमारीतून पैसे काढून दाखवले.

२७ जून १८९८ ला तो न्यूपोर्टला परतला. शेहेचाळीस हजार मैल, तीन वर्षं दोन महिने.

ज्या वर्षी तो निघाला त्याच वर्षी, फेअरहेवनपासून आज गाडीने तासाभराच्या आत पोचता येईल अशा ब्रिस्टल गावात, आणखी एक होडी तयार झाली. 'डिफेंडर'. अमेरिका चषकाच्या शर्यतीसाठी हेरेशॉफने बांधलेली, मालकांत व्हँडरबिल्ट. वजन कमी व्हावं म्हणून पाण्याखाली ब्राँझ, वर ॲल्युमिनियम आणि आतला सांगाडा पोलादाचा. १८९५ ची शर्यत तिने जिंकली. पण खारं पाणी आणि तीन वेगवेगळे धातू म्हणजे शाळेत शिकलेली बॅटरीच की! ॲल्युमिनियम झरझर खाल्लं गेलं आणि १९०१ मध्ये ती मोडीत निघाली. स्लोकमची कुरणातल्या ओकाची होडी तेव्हा बफेलोच्या प्रदर्शनात मांडलेली होती.

मी हे सगळं का उकरतोय ते सांगतो. आम्ही तिघे मित्र, दोन मराठी आणि एक तमिळ, मिळून सहा वर्षांपूर्वी एक पंचवीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली. फायबरग्लासची, १९८० च्या आसपासची. साडेचार हजार डॉलरला, म्हणजे माणशी दीड हजार. "इतकी स्वस्त?" असं सगळे विचारतात. त्याचं कारण सोपं आहे. साठ ते ऐंशीच्या दशकांत इकडे फायबरग्लासच्या होड्या साच्यातून धडाधड निघाल्या. लाकडासारखं फायबरग्लास कुजत नाही. होड्या टिकल्या, मालक म्हातारे झाले. आता होडी मोडीत काढायलाही पैसे पडतात, म्हणून लोक मिळेल त्या किमतीला देतात, कधी कधी फुकट. पिअर्ससारखेच!

पण घेतल्यावर खरी सुरुवात. नांगराच्या जागेचं भाडं. नोव्हेंबरात होडी बाहेर काढून हिवाळाभर ठेवायचे पैसे, तेही फुटावर. दर वसंतात तळाला तांब्याचा अंश असलेला रंग, नाहीतर शेवाळ आणि कालवं बसतात. विमा. जुन्या इंजिनाचे सुटे भाग. पहिल्या तीन वर्षांत होडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे तिच्यावर गेले.

मासेमारीचं विचाराल तर शनिवार-रविवारी जातो. स्ट्राइप्ड बास नावाचा देखणा पट्टेरी मासा मिळतो. पण सध्याचा नियम असा की अठ्ठावीस ते एकतीस इंचांतलाच, आणि माणशी दिवसाला एकच ठेवायचा. बाकीचे पाण्यात परत. एका हंगामात आमच्या घरी तीन मासे आले. बायकोने वहीत खर्च भागिले मासे असं गणित मांडलं आणि वही माझ्यासमोर ठेवली. आई फोनवर विचारते, "परवडतं का रे तुम्हाला?" नागपूरच्या मामांनी तर विचारलं, "भाड्याने देता येते का?" मामा, फेअरहेवनच्या लोकांनीही हेच विचारलं होतं.

ते गाव आमच्यापासून फार लांब नाही. स्प्रे जिथे बांधली त्या जागी आठवणीचा दगड आहे. त्या टोकाचं नाव पॉव्हर्टी पॉइंट, म्हणजे गरिबीचं टोक. असो.

या वर्षी आमच्यात वाद सुरू झालाय. एका भागीदाराला ही विकून छत्तीस फुटी होडी घ्यायची आहे, अर्थातच कर्ज काढून. त्याचं म्हणणं, होडी आपलाच हप्ता फेडेल, उन्हाळ्यात पाहुणे फिरवू, छोटा धंदा करू. माणूस हुशार आहे, आकडेमोड चोख आहे. पण "होडी आपलाच हप्ता फेडेल" हे ऐकलं की मला १९६८ सालची एक गोष्ट आठवते. तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण व्यापारी जहाजांवर अधिकारी होता, मुंबईहून आखाताकडे जा-ये करायचा. त्याने मुंबईत, कुलाब्याला, स्वतःसाठी बत्तीस फुटी होडी बांधून घेतली. सागवानाची. आपल्याकडच्या सुतारांनी वाकस आणि सामता अशा हातातल्या हत्यारांनी घडवलेली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नाव 'सुहैली', अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला म्हणतात ते. १९६५ मध्ये तो ती घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाला. वाटेत पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी केली आणि मग पुढे गेला.

१९६८ मध्ये लंडनच्या संडे टाइम्सने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. सर्वांत कमी दिवसांत करणाऱ्याला पाच हजार पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी, मोठी, पोलादी होडी हवी होती. ती बांधायला पैसे उभे राहिले नाहीत. म्हणून तो जुनी मुंबईची होडी घेऊनच १४ जूनला फालमथहून निघाला.

त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेस्ये नावाचा फ्रेंच माणूस होता. त्याच्या पोलादी होडीचं नाव 'जोशुआ', स्लोकमवरूनच. ती एका बॉयलर बनवणाऱ्या कारखानदाराने फक्त पोलादाच्या किमतीत करून दिली होती, आणि डोलकाठ्या तारेच्या खांबांच्या! तो शर्यत जिंकायच्या बेतात असताना कंटाळून ताहितीकडे वळला. त्याला ते परवडलं, कारण होडीपायी तो कुणाचं देणं लागत नव्हता.

डोनाल्ड क्रोहर्स्टचं तसं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा छोटा कारखाना, तोही अडचणीत. बायको, चार मुलं. आधी त्याने एक गाजलेली तयार होडी उसनी मागून पाहिली, ती मिळाली नाही. मग कारखान्यात पैसे गुंतवलेल्या स्टॅनली बेस्ट यांनी नव्या होडीचा खर्च उचलला. अट अशी की शर्यत अर्धवट सोडली तर ती होडी क्रोहर्स्टच्या कंपनीने विकत घ्यायची. म्हणजे परत फिरलं की दिवाळं. शेवटच्या मुदतीच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला, तो अर्धवट तयारीच्या होडीतून निघाला. थोड्याच आठवड्यांत त्याला कळलं की ही होडी दक्षिण महासागरात टिकणार नाही. पुढे जाणं म्हणजे बुडणं, मागे फिरणं म्हणजे ती अट. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि बिनतारी यंत्रावरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. त्या खोट्या वेगाच्या धास्तीने नायजेल टेटलीने आपली खिळखिळी होडी पळवली आणि ती शेवटच्या टप्प्यात बुडाली. टेटली वाचला. १० जुलै १९६९ ला क्रोहर्स्टची होडी समुद्रात रिकामी तरंगताना सापडली. नोंदवह्या जागेवर होत्या, माणूस नव्हता.

सुहैलीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र मोडलं, रेडिओ बंद पडला, तळाच्या फळ्यांमधून पाणी यायला लागलं तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात बुडी मारून फटी कापसाने बुजवल्या. २२ एप्रिल १९६९ ला तो फालमथला परतला. निघालेल्या नऊ जणांत पोचलेला एकटा. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबासाठी देऊन टाकले.

आमच्या भागीदाराला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "अरे, आपण पृथ्वीप्रदक्षिणेला कुठे चाललोय?" बरोबरच आहे त्याचं. पण मी त्याला बँकेचं वेळापत्रक वाचायला सांगितलं. ज्या शनिवारी वारा वाईट असेल आणि पाहुण्यांनी पैसे भरलेले असतील, त्या शनिवारी निघायचं की नाही हे कोण ठरवणार, तेवढं त्याने मला लिहून द्यावं. अजून दिलेलं नाही. मत टाकायची वेळ आली तर माझं मत ठरलेलं आहे, तळाला रंग मारायची पाळीही यंदा माझी आहे.

सुहैली काही वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली होती. छपराखाली, कोरड्या हवेत, नीट जपून. तिथे मुंबईच्या सागवानी फळ्या आक्रसायला लागल्या. समुद्रात न झालेलं नुकसान तिथे होतंय हे पाहून नॉक्स-जॉन्स्टनने २००२ मध्ये ती बाहेर काढली आणि नंतरची कित्येक वर्षं सवडीने तिच्या दुरुस्तीवर घालवली. जून २०१८ मध्ये, निघाल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ती फालमथला पाण्यात होती. मालक तोच.