रिडीमिंग लव्ह : वाचकांचा प्रतिसाद

फ्रान्सीन रिव्हर्स (जन्म १९४७) या अमेरिकन लेखिकेची ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरी. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये बॅन्टमने काढली. शिवराळ भाषा आणि उघड शृंगार कमी केलेली सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये मल्टनोमाने प्रसिद्ध केली आणि आज बहुतेकांच्या हाती तीच असते. कादंबरीच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

कथेचा गाभा बायबलमधील होशेय या संदेष्ट्याचा आहे. आपल्याला सोडून गेलेल्या स्त्रीला त्याने चांदीचे पंधरा शेकेल आणि काही जव मोजून परत आणले. रिव्हर्स यांनी ही कथा १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्यासाठी झुंबड उडालेल्या मुलखात नेली. बालपणीच कुंटणखान्यात विकली गेलेली एंजल शेतकरी मायकल होझेयाची बायको होते, पुन्हापुन्हा पळून जाते, आणि तो तिची वाट पाहतो.

श्रद्धाळू वाचकांनी पुस्तक जवळजवळ साक्षीसारखे स्वीकारले. लैंगिक अत्याचार सोसलेल्या अनेक स्त्रियांना एंजलचा अविश्वास ओळखीचा वाटला: चांगुलपणा दिसला की त्यामागचा डाव शोधणारी तिची नजर. तिचे खरे नाव वाचकाला सुरुवातीपासून ठाऊक असते, पण ते ती नवऱ्याला अगदी शेवटी सांगते. तोवर तो तिला मारा, अमांडा, तिर्झा अशी नावे देत राहतो. नाव राखून ठेवणे हाच तिच्या हातातला शेवटचा अधिकार असतो, आणि कादंबरीचे खरे बळ या तपशिलात आहे.

आक्षेप दोन बाजूंनी आले. सुधारणेनंतरही पुस्तक फार शृंगारिक आहे, अशी काही सनातनी वाचकांची तक्रार राहिली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेदम मार खाऊन अर्धवट शुद्धीत पडलेल्या एंजलकडून मायकल लग्नाचा होकार घेतो. देवाचा आदेश म्हणून कथा हा प्रसंग पचवते. पण अशा होकाराला संमती कसे म्हणायचे, असे वाचक विचारतात. २०१७ मधील ‘मी टू’ चळवळीनंतर हा प्रश्न अधिक ठामपणे मांडला जाऊ लागला. तो रास्त आहे, आणि मायकलच्या सहनशीलतेने त्याचे उत्तर मिळत नाही. मात्र पुढे एंजल त्याच्यापासून दूर, सॅन फ्रान्सिस्कोत, स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि वेश्याव्यवसायातून सुटू पाहणाऱ्या मुलींसाठी आसरा उभारते, हा भाग टीकाकार अनेकदा ओलांडून जातात.

या वादाची मुळे बायबलमधील होशेयच्या मूळ ग्रंथापर्यंत जातात. संदेष्ट्यांच्या वाङ्मयातील विवाहप्रतिमा आणि स्त्रीवरील हिंसा यांचा संबंध रेनिता वीम्स यांनी १९९५ मध्ये ‘बॅटर्ड लव्ह’ या अभ्यासग्रंथात तपासला होता. कादंबरीवर आधारित, डी. जे. करुसो दिग्दर्शित चित्रपट (२०२२) आल्यावर शृंगार आणि संमती हे दोन्ही आक्षेप पुन्हा पुढे आले. यावेळी ते कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.