डब्याच्या झाकणावर किती मावतं?

१८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख छापला. प्रयोग अगदी घरगुती होता. काळ्या शेंगबिया मुठीने एका डबीकडे फेकायच्या, आत पडलेल्या बियांकडे एकच नजर टाकायची आणि न मोजता आकडा सांगायचा. असं त्याने १,०२७ वेळा केलं. तीन किंवा चार बिया असताना तो एकदाही चुकला नाही. पाचला चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढत गेल्या.

जेव्हन्स मोजत होता तो नजरेचा आवाका, स्मृती नव्हे. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी स्मृतीचे अभ्यासक जवळपास त्याच आकड्यापाशी येऊन थांबले. मध्ये १९५६ साली जॉर्ज मिलरचा ‘सात, दोन कमी-जास्त’ हा प्रसिद्ध निबंध आला, आणि तो आकडा लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसला की अजून निघत नाही. १९६०मध्ये जॉर्ज स्पर्लिंगने दाखवलं की डोळ्यांसमोर क्षणभर बारा अक्षरं चमकवली तर त्या क्षणी जवळजवळ सगळी ‘दिसलेली’ असतात, पण सांगेपर्यंत विरून जातात. हाती उरतात चारेक. मग १९९७मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी रंगीत चौकोन एक दशांश सेकंद दाखवले, सेकंदभराहून थोडा कमी वेळ पडदा कोरा ठेवला आणि विचारलं, काही बदललं का? तीन-चार चौकोनांपर्यंत लोक ठीक होते, पुढे घसरत गेले. रंगासोबत आकार, दिशा अशी माहिती वाढवली तरी वस्तूंची संख्या तीच राहिली, असा त्यांचा दावा होता. तो पुढे बराच वादग्रस्त ठरला. चार ‘कप्पे’ असतात की एकच साठा सगळ्यांत पातळ वाटला जातो, यावर आमच्या क्षेत्रात अजून भांडणं चालू आहेत. पण मर्यादा तुटपुंजी आहे, यावर वाद नाही.

मी सध्या मस्कतमध्ये अझैबात राहते. इथे गल्लीला चार आकडी ‘वे नंबर’ असतो, आणि घराला त्याहून वेगळा नंबर. जेवण घेऊन येणाऱ्या पोराला हे दोन्ही आकडे फोनवर सांगून बघा. तो शांतपणे म्हणतो, ‘लोकेशन भेजो.’ बरोबरच आहे त्याचं. सात-आठ सुटे आकडे मोटारसायकलवर डोक्यात घेऊन कोण हिंडणार?

आणि इथेच मला दर वेळी मुंबईचा डबा आठवतो.

महादेव हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास मुंबईत डबे पोचवण्याचं काम सुरू केलं. माणसं बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली. आधी ओळखीसाठी रंगीत दोरे बांधत असं सांगतात. पुढे झाकणावर रंगाने खुणा आल्या. कोविडच्या आधी साधारण पाच हजार माणसं रोज लाखाच्या वर डबे नेत आणि रिकामे परत आणत. या कामाचं कौतुक करताना दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘फोर्ब्स’ने त्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं. असं कधी झालेलं नाही. दुसरी, डबेवाल्यांची स्मरणशक्ती अफाट असते. ही दुसरी जास्त खटकते, कारण वरवर ती स्तुती वाटते.

झाकणाचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण घ्या. डबा विलेपार्ल्याहून निघून नरीमन पॉइंटच्या एक्सप्रेस टॉवर्सला जायचाय. झाकणावर निघण्याच्या स्टेशनची खूण, तिथून डबा उचलणाऱ्याचं अक्षर, मधोमध मोठा ‘३’ म्हणजे उतरण्याचा भाग, आणि कडेला ‘९ ईएक्स १२’: पोचवणारा माणूस, इमारत, मजला. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही. तरीही मोजा, सहा गोष्टी झाल्या. म्हणजे मर्यादेच्या पलीकडे.

पण सहाच्या सहा वाचायची वेळ कुणावर येतच नाही. चर्चगेटला फलाटाबाहेर डबे लावणारा फक्त ‘३’ बघतो. मग ‘९’वाला आपले डबे उचलतो. ईएक्स आणि १२ त्याला इमारतीच्या दारात लागतात, त्याआधी नाही. परतीच्या वाटेवर स्टेशनची खूण आणि अक्षर कामाला येतं. ती खूणही बरेचदा रंग आणि आकार मिळून एकच केलेली. लक आणि व्होगेल यांना हे आवडलं असतं. लोकल स्टेशनात अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात एका नजरेला एकच प्रश्न विचारायचा, अशी ही रचना आहे.

सकाळी ज्या तीसेक घरांतून डबे उचलायचे ती घरं मात्र डबेवाल्याला पाठ असतात. ती वेगळीच स्मृती. तिला ही मर्यादा नाही; लायनेल स्टँडिंगने १९७३मध्ये लोकांना दहा हजार चित्रं दाखवली, तरी पुढे त्यातली बहुतेक त्यांना ओळखता आली. घरं सवयीने पाठ होतात. क्षणात बघून क्षणात ठरवायचं काम झाकणाकडे दिलेलं आहे.

म्हणून ‘अफाट स्मरणशक्ती’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यात कुणीतरी विचार करून, चुकत-माकत, पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली व्यवस्था गायब होते आणि उरतो फक्त ‘कमी शिकलेल्या माणसांचा चमत्कार’. विमानाच्या कॉकपिटमधल्या यादीला आपण अभियांत्रिकी म्हणतो. मग झाकणालाच दैवी देणगी का म्हणायचं?

मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या आणि बरेच डबेवाले गावी गेले. कुणी शेतीत राहिले, कुणी दुसरी कामं धरली. सगळे परतले नाहीत. झाकणांवरच्या खुणा घरोघरी शाबूत होत्या. पण ‘३’ म्हणजे कुठे आणि ‘९’ म्हणजे कोण, हे झाकणावर लिहिलेलं नसतं. ते टोळीला आणि मुकादमाला माहीत असतं. ‘९’वाला आला नाही, तर त्याचा आकडा दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो, आणि त्या नव्या माणसाला ईएक्सची लिफ्ट कुठे आहे इथपासून सुरुवात करावी लागते.