बीगलची शेवटची पाकळी

मिल्टन कीन्स म्हटले की लोकांना रस्त्यांवरचे गोल चौक आणि काँक्रीटच्या गाई एवढेच आठवते. हे नवे शहर वसवण्याचे ठरले 1967 साली, आणि दोनच वर्षांनी, 1969 मध्ये, ओपन युनिव्हर्सिटी येथील वॉल्टन हॉलच्या आवारात आली. मंगळावर उतरणाऱ्या एका यानाची जुळणी याच विद्यापीठात झाली, हे आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या यानाचे नाव बीगल 2.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलीने आणि मी लेगोच्या ठोकळ्यांतून त्याची प्रतिकृती केली. लेगो डेन्मार्कचा खरा, पण एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची कल्पना त्याआधी इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी किडिक्राफ्ट या नावाने बाजारात आणली होती. लेगोने 1949 मध्ये तसेच ठोकळे काढले आणि 28 जानेवारी 1958 रोजी आत पोकळ नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या नळ्यांमुळे पकड घट्ट झाली. क्युरिऑसिटी या मंगळगाडीचा 295 तुकड्यांचा संच 2014 मध्ये निघाला. त्याचा आराखडा त्या गाडीवर काम केलेल्या एका अभियंत्याचाच होता. बीगलचा तयार संच मात्र आम्हाला मिळाला नाही, म्हणून मोजमापे घेऊन बसलो.

मिटलेल्या बीगलचा व्यास सुमारे 65 सेंटीमीटर. लेगोच्या दोन उंचवट्यांमधले अंतर 8 मिलिमीटर. एकास पाच हे प्रमाण धरले की 13 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ 16 उंचवटे. हिशेब सुटला; चौकोनी ठोकळ्यांतून गोल आकार काढणे तेवढे जिकिरीचे होते. खरे यान खिशातल्या घड्याळासारखे होते. मंगळावर झाकण उघडायचे, मग झाकणातल्या चार सौर पाकळ्या एकेक करून पसरायच्या, अशी योजना. यंत्रमानवी हात आणि उपकरणे धरूनही उतरल्यावरचे वजन जेमतेम 33 किलो!

प्राध्यापक कॉलिन पिलिंजर हे या मोहिमेचे प्रवर्तक. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी कलावंतांनाही सोबत घेतले. यानाची संकेतधून ब्लर या बँडने रचली, आणि कॅमेऱ्याच्या रंगजुळणीसाठी डेमियन हर्स्टचे ठिपक्यांचे चित्र यानावर बसवले. 2 जून 2003 रोजी मार्स एक्सप्रेसबरोबर बीगल निघाले, 19 डिसेंबरला त्यापासून वेगळे झाले आणि 25 डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, मंगळावर उतरायचे होते. जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीने कान लावला, पण ती धून काही आली नाही. चौकशी समितीलाही एकच एक तांत्रिक कारण सांगता आले नाही, कारण उतरताना संदेश पाठवण्याची सोयच यानात नव्हती. वर्तमानपत्रांतून टीका झाली, थट्टाही झाली. पिलिंजर 7 मे 2014 रोजी वारले.

त्यानंतर आठ महिन्यांनी, 16 जानेवारी 2015 रोजी, बीगल सापडल्याचे जाहीर झाले. नासाच्या उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांत मायकेल क्रून यांनी ते हुडकले होते. ते फुटले नव्हते. ठरलेल्या जागेच्या मध्यापासून साधारण 5 किलोमीटरवर व्यवस्थित उतरले होते. पाकळ्यांपैकी काही उघडल्या होत्या, सगळ्या नाहीत. नक्की किती, यावर मतभेद राहिले, कारण त्या छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे 30 सेंटीमीटर. अख्खे यान मोजक्या ठिपक्यांत मावते. आमच्या ठोकळ्यांची प्रतिकृती त्यापेक्षा कितीतरी रेखीव!

पण एक पाकळी मिटलेली राहिल्याने एवढे काय बिघडले? हे वाचून कळले होते. बिजागऱ्या बसवल्यावर डोळ्यांना दिसले. "बाबा, अँटेना तर हिच्याखाली अडकली!" असे मुलगीच म्हणाली. चारही पाकळ्या पसरल्याशिवाय अँटेना मोकळी होत नव्हती. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत, बोलण्याची पायरी सगळ्यात शेवटी ठेवलेली होती. वजनाची आणि जागेची मर्यादा पाहता त्या निर्णयामागचे तर्कशास्त्र समजते. पण त्यामुळे एक बिजागरी अडली आणि सुखरूप पोचलेले यान जगाच्या लेखी अकरा वर्षे हरवलेले राहिले.

वाचकहो, सप्टेंबर 2019 मध्ये आपले विक्रम चंद्रावर उतरता उतरता गप्प झाले, तेव्हा आपणही रात्री जागलो होतो. ते आदळले होते. त्याचे अवशेष चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने छायाचित्रे चाळून शोधले. दोन्ही यानांचे मौन सारखे, कारणे अगदी वेगळी. विक्रमने उतरताना शेवटपर्यंत माहिती पाठवली होती. म्हणूनच चुका शोधता आल्या, आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान 3 उतरले. बीगलला ती दुसरी संधी मिळाली नाही.

प्रतिकृती कशी ठेवायची यावर घरात वाद झाला. मुलीला चारही पाकळ्या उघड्या हव्या होत्या. पिलिंजरांना तशाच बघायच्या होत्या, हा तिचा मुद्दा. मी म्हटले, मंगळावर आहे तशी ठेवू. शेवटी एक पाकळी मिटून ठेवली, पण बिजागरी सैल सोडली. आमच्याकडे येणारे पाहुणे ती बोटाने उघडतात, आणि मग विचारतात, हे काय आहे?